मानेची सोनोग्राफी

परवा चहा पिताना ह्यांची जीभ दोन मिनिटं जड झाली, म्हणून मानेची सोनोग्राफी सांगितली होती. आमच्या घरात आजवर सगळ्यांची पोटाचीच झालेली. त्यामुळे मी ह्यांना निघायच्या आधी दीड लिटर पाणी पाजलं आणि लघवीला जाऊ दिलं नाही.

"काका, हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेसाठी पाणी प्यायला कुणी सांगितलं?"

"हिनं. आमच्या घरची मोठी डॉक्टर!"

पडद्यावर मेंदूकडे रक्त नेणारी नळी धडधडत होती. दुधाच्या पातेल्याला खरवड धरावी तसा तिच्या भिंतीला चरबीचा थर धरला होता. बाई त्याच्या दोन्ही कडांना खुणा करून जाडी मोजत होत्या. पातेलं असतं तर मी काथ्यानं घासलं असतं. इथे माझा हात पोचत नव्हता. तीस वर्षं या गळ्यातून माझ्या भाज्यांना नावं ठेवलेली ऐकली. माणूस जेवतोय, कुरकुरतोय, म्हणजे आत सगळं ठीक आहे, असंच मी धरून चालले.

"झालं," बाई म्हणताच हे जेल लागलेल्या मानेनंच बाथरूमकडे पळाले. त्यामुळे पुढचं मी एकटीनं ऐकलं.

"डावीकडची वाट बरीच अरुंद झालीय. आजच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

हे मोकळ्या चेहऱ्यानं परत आले. "काय म्हणाल्या?"

"आधी मान पुसू दे," म्हणत मी रुमाल काढला.

"अगं, पुसतो की मी."

जेल केव्हाच निघालं होतं. मी पुसतच राहिले.