गुलाबाखालचे रावसाहेब

स्वतःचा गाढवपणा स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, तेव्हा निदान चहा संपेपर्यंत तरी हसू नका.

युद्धाच्या आधीची गोष्ट. दिवसा लोणावळ्याच्या शाळेत मास्तरकी करायची आणि संध्याकाळी गावचं वाचनालय सांभाळायचं, हा माझा उद्योग. दर शनिवारी दारातल्या फळ्यावर मी दोन पुस्तकांची शिफारस लिहायचो. एक कादंबरी, एक उपयोगी पुस्तक. खाली ठळक अक्षरांत: 'स्वतः वाचून शिफारस केली आहे.'

कादंबऱ्या मी खरोखर वाचायचो. पण उपयोगी पुस्तकं? विहिरीचं बांधकाम, कोंबड्यांचे रोग, हे कोण वाचत बसतं हो? अनुक्रमणिका चाळायची आणि शिफारस ठोकून द्यायची.

वैशाखात खंडाळ्याच्या एका बंगल्याचे माळी आले, सखाराम आबा.

"मास्तर, गुलाब वाळाया लागल्यात. रावसायेब म्हन्ले, दसऱ्यापातुर फुलं दिसली न्हाईत तर गावाकडं चालू लागा. बागंचं यखादं पुस्तक हाय का? सून वाचून दावंल."

मी फळ्यावरचंच गुलाबाच्या निगेचं पुस्तक काढून दिलं. वर बजावलं, "आबा, मी हे शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. यात लिहिलंय तस्सं करा. एक अक्षर सोडू नका."

भाद्रपद संपत आला तेव्हा आमचे बाइंडर इस्माईलभाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले. एक भयकथा कपाटात सापडत नव्हती, तिची मी चौकशी केली.

"ती होय? पातळ होती," ते म्हणाले. "चैत्रातच गुलाबाच्या पुस्तकामागे जोडून एकाच पुठ्ठ्यात बांधली. तुम्हीच म्हणाला होता ना, पातळ पुस्तकं दोन-दोन बांधा म्हणून?"

ती भयकथा मी दोनदा वाचली होती. तिच्यात मालक माळ्याला कामावरून काढायला निघतो. माळी त्याला फावड्याने मारून गुलाबाखाली पुरतो. आणि त्या वर्षी बागेत कधी नव्हे एवढी फुलं येतात.

आणि मी काय सांगून बसलो होतो? एक अक्षर सोडू नका.

भरदुपारी खंडाळ्याची वाट धरली. धुकं इतकं, की हातातल्या छत्रीचं टोक दिसेना. खाली घाटात इंजिनाची शिट्टी व्हायची, ती कधी समोरून ऐकू यायची, कधी अगदी पाठीशी. वाटेत एक माणूस भेटला नाही. बंगल्याचं फाटक सताड उघडं होतं. व्हरांड्यात आरामखुर्ची, खुर्चीत चष्मा, कडेला काठी टेकवलेली, आणि गार चहावर साय धरलेली. रावसाहेबांचा पत्ता नाही. चष्म्याशिवाय हा माणूस जाईल कुठे?

मग मला फुलं दिसली. धुक्यात लालभडक, वाटीएवढी. असले गुलाब मी जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्या बुडाशी ताजी उकरलेली माती होती आणि मातीतून पांढरं हाड वर आलं होतं.

"मास्तर, या की." आबा फावडं घेऊन धुक्यातून पुढे आले.

"आबा, रावसाहेब कुठायत?"

"असतील हितंच कुटंतरी."

"तुम्ही... पुस्तकातलं केलंत?"

"व्हय. समदं तसंच. हाडं फोडताना तेवढा लय तरास झाला."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी त्यांच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि माती उपसायला लागलो. 'रावसाहेब, धीर धरा, मी आलोय' असं ओरडत होतो म्हणे. पुरलेल्या माणसाला धीर! दोन झाडं मुळासकट उपटली, तिसऱ्याला हात घातला, तोच मागून आवाज आला, "मास्तर, काय शोधताय?"

वळून बघतो तर रावसाहेब. अंगावर पांढरा पंचा, चेहरा पांढराफटक. मी तिथेच खड्ड्यात बसलो. तो दाढीचा साबण आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दसरा धा दिसांवर आला, मास्तर, आन तुमी माजी झाडं..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांची सून पुस्तक घेऊन धावत आली. रावसाहेबांनी ते वाचलं. कसायाकडची हाडं वाळवून, कुटून वीतभर खोल घालावीत, असं तिसऱ्याच पानावर छापलेलं होतं.

"तुम्ही तर शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतंत ना?" त्यांनी विचारलं.

मी खरं काय ते सगळं सांगून टाकलं. रावसाहेब म्हणाले, "आबा कुठेही जात नाहीत. फुलं मी पाहिलीत. ही दोन झाडं मात्र तुम्ही लावायची."

मी गुडघाभर चिखलात बसून झाडं लावत होतो. आबा फावडं पुसत शेजारी उभे होते.

"मागली गोष्ट बी वाचली सुनंनं," ते शांतपणे म्हणाले. "समदी खोटी. ताजं मास घातलं तर मुळं जळत्यात. आदी कुजवाया लागतंय, मंग हाडं येगळी करून वाळवाया लागत्यात." त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं. "ज्यानं ती गोष्ट लिवली ना, मास्तर, त्यानं बी गुलाबाचं पुस्तक वाचल्यालं न्हाई."