दाराबाहेरच्या चपला

परवा मुलीकडे प्रार्थनेला गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून पायरीवरच थांबले.

मी लहान असताना, धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात रविवारी दुपारी घरीच प्रार्थना व्हायची. एका रविवारी आई दूर कुठंतरी मार खाल्लेल्या ख्रिस्ती लोकांसाठी मागत होती, "प्रभू, त्याईले सांभाळ." तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "बाई, चपला अंदर घे. कितीजण येतेत ते चौकातले लोक मोजून राह्यले."

उन्हानं तापलेल्या चपला मी उचलून छातीशी धरल्या. चौकातल्या घोळक्यात आमचे दूधवाले मामाही होते. त्यांनी मान वळवली.

आत आईनं पुन्हा डोळे मिटले होते. "प्रभू, आमाले सांभाळ."

परवा मुलीच्या दारात मी चपला काढल्या, तिला कळू न देता पिशवीत घातल्या आणि आत नेल्या.