एका नळीपायी वाजलेली मयताची घंटा

सिंदी मेघेतल्या आमच्या छोट्या चर्चची घंटा प्रेमदास वाजवतो. नाताळात, लग्नात तो दोराला असा लटकतो की कोण कोणाला वाजवतंय ते कळत नाही. मयताला मात्र एकेकच टोला. तो पार विरला की दुसरा. हा टोला ऐकला की हातातलं खाली ठेवून, मान झुकवून उभं राहायचं, ही आमच्या भागातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांची जुनी रीत.

प्रेमदासच्या पोरीचं, दीपमालाचं लग्न होतं. पाद्रीसाहेबांना रोहण्याहून यायला उशीर, म्हणून समुद्रपूरच्या वरातीला आधी चर्चच्या अंगणात जेवायला बसवलं. तिथंच घोळ झाला. नवरदेवाचे मामा बंडूजी, त्यांच्या ताटात मटणाची नळी पडली नाही.

"मामाले नळी नाई? आमाले भिकारी समजून राह्यले का?"

वाढत होता प्रेमदासचा साळा देवेंद्र. "बकऱ्याले पाय चारच असतात, मामाजी. तुमच्याकडं मामेच डझनभर."

बंडूजींनी ताट भिरकावलं. देवेंद्रचं कपाळ फुटलं. त्यानं रश्श्याची पळी त्यांच्या जबड्यावर हाणली. एक दात थेट मटणाच्या गंजात. मग खुर्च्या उडाल्या. कुणाचा कान फाटला, कुणाचं नाक चेचलं. कोटावर रक्त कोणतं नि तर्री कोणती, ते धोबीच जाणे.

"चाला रे, पोरगी नाई न्यायची," वरातीतून आरोळी उठली. दीपमाला दारात थिजली. मध्ये पडलेला नवरदेव दोन्हीकडून मार खात होता. बंडूजींनी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि खाली पडलेल्या देवेंद्रच्या डोक्यावर उगारलं.

तेवढ्यात पोरीचा बापच पळत सुटला.

"पाहा, पळपुटा," कुणीतरी थुंकलं.

ठण्ण.

मयताचा टोला. बंडूजींचा हात वरच थांबला. रीत ती रीत. लाकूड त्यांनी मुकाट चुलीत ठेवलं. देवेंद्र उठून त्यांच्याच शेजारी मान खाली घालून उभा राहिला. रक्त टपटपत होतं, पुसायला कुणी हात हलवेना. तिसरा टोला विरता विरता बंडूजींनी त्याच्यापुढं आपला रुमाल धरला.

प्रेमदास चर्चमधून बाहेर आला.

"कोण गेलं, इवाईबुवा?" बंडूजींनी व्याह्यांना हळूच विचारलं.

"अजून कोणी नाई. म्हणूनच वाजवली. मेल्यावर वाजवून काय फायदा?"

पाद्रीसाहेब आले, पट्ट्या बांधून लग्न लागलं. लग्नाची घंटा वाजवायला मात्र प्रेमदासनं दोर त्या दोघांपुढं केला. दोराला बंडूजी आणि देवेंद्र लटकले, एकाच वेळी, आणि दोर कसा ओढायचा ते एकमेकांना शिकवत.