बाबांचा कम्प्युटर आणि आष्टीच्या मुलीचा बायोडाटा

माझे बाबा निवृत्त मास्तर. आमचं घर बोरगाव मेघेला, आणि घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा कम्प्युटर. त्यावर ते नात्यागोत्यातल्या मुलामुलींचे लग्नाचे बायोडाटे टाइप करून देतात. फुकट, निव्वळ हौसेनं. वर गणपती, खाली दोन गुलाब, मध्ये शुद्ध मराठीत सगळी माहिती. बायोडाटा कागदावरच पाहिजे, फोनवर आलेला त्यांना चालत नाही.

त्या कम्प्युटरवर अजून जुनी विंडोज एक्सपी होती. बाबांनी बटण दाबलं की आई स्वयंपाकघरात कुकर लावायची. तिसरी शिट्टी झाली की पडद्यावर ती हिरवी टेकडी यायची. दोघांचंही छान चाललं होतं. पण एक दिवस बाबांना रेल्वेचं तिकीट काढायचं होतं आणि कुठलीच साइट उघडेना. जी उघडायची ती म्हणायची, तुमचा ब्राउझर फार जुना आहे.

"बाबा, आता बदलू या," मी म्हटलं. मी वर्धेत शाळेत शिकवते, त्यामुळे घरातली कम्प्युटरतज्ज्ञ मीच.

"काऊन? त्याले काय झालं? मले तर काई त्रास देत नाई तो."

शेवटी तिकिटासाठी कबूल झाले. मी स्कूटी काढली, आई मागे बसली आणि सीपीयू मांडीवर घेतला. धूळ लागू नये म्हणून तिनं तो शालीत गुंडाळला होता. कोपऱ्यावरच्या काकूंनी थांबवून विचारलं, "कोनाचं हो बाळ?"

दुकानदारानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि आधी हात जोडले. मग नवी डिस्क, जास्तीची रॅम आणि नवी विंडोज टाकून, बाबांच्या जुन्या फाइली त्यात उतरवून तिसऱ्या दिवशी परत दिला. घरी आणून बटण दाबलं तर पंधरा सेकंदांत चालू. बाबांचा विश्वास बसेना. "इतक्या लौकर? अर्धाच चालू झाला असन." आईच्या कुकरनं तर अजून वाफही धरली नव्हती.

तेवढ्यात आष्टीकडच्या एका मुलीचे मामा दारात आले. भाचीचा बायोडाटा बाबांनी आधीच टाइप करून ठेवला होता, तो त्यांना जाम गावाला एका मुलाच्या घरी पोचवायचा होता. मामांची गाडी चालूच होती. बाबा नव्या यंत्राला हात लावायला तयार नव्हते, म्हणून मीच फाइल न उघडता प्रिंटचं बटण दाबलं. कागद प्रिंटरमधून पालथा पडला. बाबांनी तो तसाच घडी करून पाकिटात घातला आणि मामा गेले.

दुसऱ्या दिवशी जामहून मुलाचा फोन आला. फार नम्र मुलगा. "गुरुजी, बायोडाटा भेटला. पण हा कोन्या भाषेत हाय हो?"

मी धावत जाऊन फाइल उघडली. गणपती होता, गुलाब होते, मुलीचा फोटो होता. पण नव्या विंडोजमध्ये बाबांचा जुना मराठी फॉन्टच नव्हता. 'मुलीचे' ऐवजी तिथे ई, क्यू, वाय, एच, पी, एस अशी इंग्रजी अक्षरं उभी होती. पानभर तेच. बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी चौथीत पाढे चुकले तेव्हाची होती.

फोनवर आता मुलाचे वडील आले. "गुरुजी, घाबरू नका. मी सगळा वाचला."

"कसा वाचला?" बाबा ओरडलेच.

"मी तहसीलमध्ये टायपिस्ट होतो. मराठी मशीनवर जिथं 'म', तिथंच कम्प्युटरवर ई. कागद समोर ठेवला अन् टेबलावर बोटं चालवत गेलो. तासभर लागला, पन मजा आली!" आणि त्यांनी अख्खा बायोडाटा फोनवर खणखणीत वाचून दाखवला. नाव बरोबर, शिक्षण बरोबर. मग ते म्हणाले, "छंद, कबड्डी आणि बुलेट चालवणे."

बाबांनी फोनवर हात ठेवला. "हे कुठून आलं?"

मला लगेच कळलं. आधी एका मुलाचा बायोडाटा केला होता, त्याच फाइलवर बाबांनी मुलीची माहिती भरली होती. छंद बदलायचे राहिले. बाबा खोटं बोलत नाहीत. "साहेब, तेवढं चुकलं," ते म्हणाले.

"चुकलं? अहो, आमच्या पोराले तेवढंच तर पसंत पडलं!"

तरी ते मुलगी पाहायला गेले, बाबांनाही सोबत नेलं. मुलीनं सरळ सांगितलं, "मले बुलेट येत नाई. स्कूटी येते." कबड्डीचं विचारल्यावर म्हणाली, लहानपणी भावाला पाडलं होतं, ते धरायचं असेल तर धरा. मुलाचा चेहरा पडला. चार दिवसांनी मामांनी निरोप आणला, मुलगी म्हणते, मुलगा चांगला आहे, पण त्याला दुसरीच कोणी पाहिजे.

सोयरीक जमली नाही, पण बाबांची आणि त्या टायपिस्टकाकांची जमली. दुकानदारानं पाच मिनिटांत जुना फॉन्ट टाकून दिला, फाइली परत मराठीत आल्या. तेव्हापासून दर रविवारी काका जामहून बसनं येतात. दोघं मिळून जुने बायोडाटे तपासतात. आतापर्यंत आणखी तीन मुलींच्या छंदात कबड्डी निघाली. तिघींचीही लग्नं होऊन गेलीत, म्हणून दोघांनी कोणाला न सांगायचं ठरवलं आहे.

परवाच्या रविवारी काका निघणार, तेवढ्यात पडद्यावर निळं पान आलं. अपडेट सुरू आहे, कम्प्युटर बंद करू नका. आकडा एकतीस टक्क्यांवर अडला. बाबा आणि काका खुर्च्या ओढून समोर बसले, दवाखान्यात बसतात तसे.

"काका, तुमची बस जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. असं अर्ध्यात टाकून कसं जाऊ?"

बाबांनी मान हलवली. आकडा बत्तीस झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आईनं आतून विचारलं, "मंग भात वाढवू का?"