जोड पक्का होता

तेल बघायची डिपस्टिक बाहेर काढली तर तेल दुधाळ, चहासारखं. म्हणजे इंजिनात पाणी शिरलेलं. दुरुस्तीनंतर दुसऱ्यांदा.

ही वॉटर स्कूटर, म्हणजे पाण्यावरची मोटरसायकलच म्हणा, काश्मीरहून कुकटपल्लीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आली होती. तिथल्या हिवाळ्यात इंजिनातलं पाणी कुणी काढलं नाही. ते गोठलं, फुगलं आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, चीर पडली. हैदराबादेत आम्ही तापून बसलेली इंजिनं बघतो. गारठून फुटलेलं हे पहिलंच. माझ्याकडच्या युसुफभाईंनी ती चीर वेल्ड केली. ॲल्युमिनियमवर त्यांचा हात नामी, पण आता वय झालेलं.

मी स्कूटरच्या हैदराबादी मालकाला फोन करून मोकळा झालो. "वेल्ड लीक है."

"पाटील गारू, बुड्ढे को कायकू दिये? नया ब्लॉक मँगाओ. आगे से मेरे काम को वो नक्को."

फोन स्पीकरवर होता. युसुफभाईंनी वेल्डिंगची टॉर्च पुसून पेटीत ठेवली. "हौ साब, आँखां नै रहे अब. बस करतूं."

मला वाईट वाटलं, पण मी अडवलं नाही.

ब्लॉक मागवण्याआधी प्रेशर टेस्ट घेतली. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा बंद करून हवा भरायची. कुठे गळत असेल तर गेजचा काटा उतरतो. अर्धा तास काटा जागचा हलला नाही.

मग पाणी येतंय कुठून? तेल बदललं. जमिनीवर हे इंजिन चालवायचं तर थंड ठेवायला बाहेरून पाणी द्यावं लागतं. नेहमीसारखी नळी जोडली, नळ सोडला आणि किल्ली शोधू लागलो.

पेटी बांधता बांधता युसुफभाई म्हणाले, "साब, इंजिन तो बंद है. फिर ये पानी किधर जा रा?"

नळ बंद केला. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं. भोकांतून पिचकाऱ्या उडाल्या.

या इंजिनातलं पाणी शेवटी सायलेन्सरमध्ये जातं. इंजिन चालू असेल तर धूर त्याला बाहेर ढकलतो. बंद असेल तर ते साचून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं, तिथून तेलात. म्हणून आधी इंजिन, मग पाणी. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय. मी तीस वर्षं मोटारी केल्या: आधी रेडिएटरमध्ये पाणी, मग चावी. मॅन्युअल कोण वाचतो?

युसुफभाईंसमोरच मालकाला फोन लावला. "जोड पक्का है. पानी मैंने डाला."

तरी त्यांनी पेटी उचललीच. "रागावलात का?" मी विचारलं.

"नाराज नै साब. आप बोले तो मैं बी मान लिया ना, के मेराच जोड गया."

ते पुन्हा आले नाहीत. प्रेशर टेस्टला अर्धा तास लागतो. हल्ली मी फोन त्यानंतर करतो.