चार नंबरच्या खोलीतल्या आकडेबाई

प्रसूती रुग्णालयात त्यांना सगळे आकडेबाई म्हणायचे. मूळच्या त्या नर्स. बाळंतपणाच्या विभागात उमेदवारीची वर्षं काढली, मग कोणीतरी त्यांना चार नंबरच्या खोलीत बसवलं आणि त्या तिथेच रुजल्या. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात वजनकाटा आणि खिडकीत कायम अर्धवट उघडणारी झडप, एवढा त्यांचा संसार.

काम एकच, पण भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवणारं. दिवस गेल्यावर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात एक तपासणी करतात. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजायची, आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजायची, त्यात आईचं वय मिळवायचं. मग यंत्र एक आकडा काढून देतं: बाळात एखादं गुणसूत्र जादा असण्याची शक्यता किती. हा आकडा घरच्यांना समजेल असा सांगायचा, हे आकडेबाईंचं काम. डॉक्टरही सांगू शकतात, पण डॉक्टरांनी 'शक्यता जास्त' म्हटलं की माणसं पुढचं काही ऐकतच नाहीत, तिथेच रडायला लागतात.

"ही चाळणी आहे, निकाल नाही," बाई पहिल्या वाक्यालाच बजावायच्या. "चाळणीत अडकलं ते सगळं खडाच असतं असं नाही. अडकलं तर हाताने निवडून बघायचं, एवढंच." कोणी 'खोट' म्हणालं की त्या चिडायच्या. "खोट मालात असते हो. हे माणूस आहे." आणि पक्की तपासणी झाल्यावर कोणी गर्भ ठेवला, कोणी नाही ठेवला, तरी दोघांशीही त्यांचा आवाज तसाच राहायचा. हे सोपं नाही. आपल्यापैकी निम्म्यांना तरी सल्ला दिल्याशिवाय जेवण पचत नाही.

बाईंचा एक नियम होता. फॉर्म भरताना आणि वाईट आकडा सांगून झाल्यावर त्या नातेवाइकांना काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायच्या आणि फॉर्ममधली एकूण एक ओळ गरोदर बाईला एकटीला विचारायच्या. नवऱ्यासमोर, आईसमोर, सासूसमोर बाईमाणूस जे सांगतं आणि एकटीत जे सांगतं, त्यात किती अंतर असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. त्या दिवशी सहकारी रजेवर, संगणक रुसलेला, रांग जिन्यापर्यंत. एक्केचाळीस वर्षांची एक बाई आली. वाचनालयात काम करणारी, हळू बोलणारी. सोबत घड्याळं दुरुस्त करणारा नवरा आणि सासू. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे खोलीत शिरल्या त्या तपासणीला आल्यासारख्याच. बाईंनी घाईत सगळ्यांसमोरच विचारलं, "दिवस आपोआप राहिलेत, की उपचार घेऊन?"

सुनेनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आपोआप! आमच्याकडे तसलं काही नाही."

बाईंनी 'आपोआप'वर खूण केली.

आठ दिवसांनी आकडा आला. पंचेचाळीसात एक. तिघं पुन्हा समोर बसली.

"बाहेरच्या हॉलमध्ये तुमच्यासारख्या पंचेचाळीस जणी बसवल्या," बाई म्हणाल्या, "तर त्यातल्या चव्वेचाळीस जणींच्या बाळात जादा गुणसूत्र नसेल. एकीच्या असेल. ती एक कोण, हे ही तपासणी सांगत नाही."

"म्हणजे नापास," सासूबाई म्हणाल्या.

"यात पास-नापास नसतं, मॅडम."

मग बाईंनी पुढचे रस्ते सांगितले. आईच्याच रक्ताची आणखी एक तपासणी करता येते. ती जास्त नेमकी, पण तीही चाळणीच. पक्कं उत्तर हवं तर पोटातून सुई घालून नमुना घ्यावा लागतो. त्यात गर्भ पडण्याचा धोका थोडा, पण असतो. आणि काहीच न करणं, हाही एक रस्ताच.

"सुई. उद्याच," सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा आपल्या बुटांकडे बघत बसला.

"वजन आणि रक्तदाब राहिलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

दार लागल्यावर बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वय, आधीचे आजार, औषधं. 'आपोआप'वर आल्या आणि थांबल्या. समोरची बाई रडत होती, पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात धरून.

"चार वेळा उपचार फसले," ती म्हणाली. "पाचव्यांदा... बीज माझं नाहीये, ताई. एका मुलीनं दिलेलं. चोवीस वर्षांची होती म्हणाले, मी तिला पाहिलंही नाही. आम्हा दोघांनाच माहीत आहे. सासूबाईंना कळलं तर हे बाळ त्यांच्या लेखी परकं होईल. आणि मीही."

आकडेबाईंनी 'आपोआप'वरच्या आपल्या खुणेकडे पाहिलं. या हिशोबात वय मोजायचं ते बीजाचं, पोटाचं नव्हे. यंत्राला चोवीसच्या जागी एक्केचाळीस सांगितलं गेलं होतं, आणि सांगणारा हात त्यांचा होता. या भलत्या आकड्यावर उद्या त्या पोटात सुई गेली असती. इतक्या वर्षांनी पदरात पडलेला गर्भ, आणि तो त्यांच्या एका खुणेपायी धोक्यात.

त्यांनी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि उठल्या. मोठ्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. प्रयोगशाळेत स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, हिशोब नव्याने करून घेतला. दोन तासांनी नवा कागद हातात आला. आठशेत एक.

"आठशेत एक म्हणजे शून्य नव्हे," त्यांनी तिला एकटीला सांगितलं. "खात्री कोणालाच देता येत नाही. पण या आकड्याला आम्ही सहसा सुई सुचवत नाही. बघा, तुम्ही दोघं ठरवा." तिचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी बाकीच्या दोघांना आत बोलावून नवा आकडा सांगितला.

"सकाळी पंचेचाळीस आणि दुपारी आठशे?" मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज हॉलपर्यंत गेला. "आकडा बदलला कसा? कागद दाखवा."

कागदावर बीज देणाऱ्या मुलीचं वय स्पष्ट छापलेलं होतं. बाईंनी कागदाची घडी घातली. "हा कागद यांचा आहे. यांच्याच हातात देणार."

"मग कारण तरी सांगा!"

"फॉर्म भरताना मी जसं विचारायला हवं होतं तसं विचारलं नाही. चूक माझी."

हे शब्दशः खरं होतं, म्हणूनच ते इतक्या स्थिर स्वरात सांगता आलं. सासूबाईंनी मग तोंडाचा पट्टा सोडला. इतकी वर्षं इथे करता काय, माझ्या शाळेत असतात तर घरी बसवलं असतं, हॉलमध्ये चला आणि सगळ्यांसमोर माफी मागा. बाई गेल्या. दाटीवाटीने बसलेल्या लोकांसमोर, सफाईवाल्या मावशींसमोर, शिकाऊ नर्सेससमोर त्यांनी माफी मागितली. सुनेला ते बघवेना. ती धडपडत उठली आणि म्हणाली, "चूक यांची नाहीये, खरं म्हणजे मीच..."

"तुम्ही उठू नका!" आकडेबाई इतक्या जोरात खेकसल्या की तीच काय, शेजारच्या दोघीही बसल्या.

लेखी तक्रार आली. मोठे डॉक्टर म्हणाले, "खुलासा पूर्ण लिहा, मी माझ्याच कपाटात ठेवतो." बाईंनी एकच ओळ लिहिली: प्रश्न नातेवाइकांसमोर विचारला, चूक मान्य. कपाटं बदलतात, किल्ल्या दुसऱ्यांकडे जातात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्या वर्षी वरच्या पदाची यादी निघाली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. का वाटू नये? दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतल्या जादा खुर्च्या उचलून बाहेर नेऊन ठेवल्या. त्यानंतर फॉर्म भरताना आत एकच माणूस बसलं, मग रांग जिन्यापर्यंत जावो नाहीतर फाटकापर्यंत.

सहा महिने उलटून गेल्यावर एक दिवस दार न वाजवताच उघडलं. मुख्याध्यापिकाबाई. हातात दुपट्यात गुंडाळलेली नात, मागे दारात सून.

"ही बघ गं," त्या नातीला म्हणाल्या, "हिनंच तुझा आकडा चुकवला होता. मी होते म्हणून पकडलं!"

"हो, चुकले होते खरी," आकडेबाई म्हणाल्या.

"असू दे. माझ्याही हातून एखाददुसरा पेपर चुकीचा तपासला गेला असेल." सासूबाईंनी दुपटं बाजूला केलं. अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "आमच्या घरचं काही उचललं नाही बघा हिनं. नाक सगळं माझ्या सुनेचं. हो की नाही?"

दारातल्या सुनेनं आकडेबाईंकडे पाहिलं. आकडेबाईंनी चष्मा लावला, खाली वाकून बाळाचं नाक चांगलं निरखून पाहिलं.

"हो की," त्या म्हणाल्या. "अगदी आईचं."