बी निगेटिव्हचा पाचवा दाता

आठ वर्षांच्या एका मुलीला दर एकवीस दिवसांनी रक्त चढवावं लागायचं. थॅलेसेमिया. रक्तगट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. पुरुषाने एकदा रक्त दिलं की पुढचे नव्वद दिवस त्याला पुन्हा देता येत नाही. एकवीस गुणिले पाच, एकशे पाच. म्हणजे पाच दाते असले की चक्र नीट फिरतं आणि वर पंधरा दिवस हाताशी उरतात, कुणाला ताप आला, कुणी गावाला गेला तर. चार दाते असले की होतात चौऱ्याऐंशी. सहा दिवस कमी पडतात.

माझ्याकडे पाच होते. बरोब्बर पाच.

ही यादी ठेवायचं काम माझ्याकडे कुणी दिलेलं नव्हतं. नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट्ससाठी मी एका दिवसात साठ-सत्तर लोकांना फोन केलेले. तो घरी आल्यावर मला वाटलं, एवढे फोन दुसऱ्या कुणाला करायला लागू नयेत. मग नावं लिहून काढली, रक्तगटाप्रमाणे लावली, शेवटचं रक्त कधी दिलं त्याची तारीख टाकली, फोनवर ग्रुप केला. ठाण्याला नोकरी, डोंबिवलीला घर, मधल्या वेळात हे. दोन वर्षांत दोनशेच्या वर माणसं झाली. नियम दोनच. दात्याला रुग्णाचं नाव सांगायचं नाही. रुग्णाच्या घरच्यांना दात्याचा नंबर द्यायचा नाही. एकदा एका बाईंनी एका दात्याला थेट गाठून त्याच्या दारात रडून घेतलेलं, तेव्हापासून मी हे फार काटेकोरपणे पाळत आले.

पाचवा दाता मानपाड्याला राहायचा. कारखान्यात सुपरवायझर, पन्नाशीच्या आतला, मूळचा साताऱ्याकडचा. तीन वर्षांत एकदाही चुकला नाही. मी निरोप पाठवायचे, ‘गुरुवारी जमेल का?’ त्याचं उत्तर एका शब्दाचं: ‘जमेल.’ आमचं एवढंच बोलणं.

दुसरीकडे मात्र आम्ही भरपूर बोलायचो. आमच्या शहराचा एक ऑनलाइन मंच आहे, खड्डे, पाणी, कचरा यासाठी काढलेला. हजारो लोक आहेत त्यावर. तिथे तोही होता, मीही होते, दोघं आपापल्या नावाने आणि फोटोने. कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, पण खड्ड्यांची चर्चा हळूहळू देश कुणाचा, असहिष्णू कोण, कुणाला इथे राहायचा हक्क आहे, यावर जायला लागली. एकदा मी मोजलं. पाण्याच्या टँकरवरून विषय निघाला आणि अकराव्या प्रतिक्रियेला आम्ही एका दूरच्या युद्धात पोचलेलो. त्या देशांची नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली की वाचणारा आपली बाजू धरून बसतो, आणि मला सांगायचंय ते बाजूलाच राहतं.

मी वाद घालायचे तेही पद्धतशीर. समोरच्याचं विधान वर, खाली माझे मुद्दे, एक, दोन, तीन. प्रत्येकाला बातमीचा दुवा. नवरा चहा पिता पिता म्हणायचा, “अगं, नंबर घातले म्हणून मुद्दे खरे होत नाहीत.”

“खोटे आहेत का मग?”

“खरे असतील. पण कुणाचं मत बदललं आजपर्यंत? एकाचं तरी नाव सांग. तुझ्याकडे यादी असेलच.”

यादी नव्हती. लोकांकडे माझ्यासाठी ठेवणीतले टोमणे होते. ‘काकू, एवढा पुळका असेल तर तिकडेच जाऊन राहा.’ ‘काकू, आधी घरात आमटीला मीठ घातलंय का बघा.’ माझ्या बाजूचे लोकही काही कमी नव्हते. कुणाच्या मेंदूला गंज चढलाय, कुणी शाळेचं तोंड पाहिलंय की नाही, असं ते बिनधास्त लिहायचे, आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही. ते माझ्या बाजूचे होते ना.

त्या रविवारी कुणीतरी त्या युद्धातल्या एका इस्पितळाचा फोटो टाकला. जमिनीवर गाद्या आणि त्यांवर मुलं. फोटो खरा की खोटा, जुना की नवा, यावर दुपारपर्यंत साठेक प्रतिक्रिया झाल्या. मग पाचव्या दात्याने लिहिलं, ‘आज मुलं दिसतात. मोठी झाली की तीच बंदूक घेणार. आणि इथली तरी काय वेगळी आहेत?’

जेवणं झालेली. मी ओटा पुसून खुर्चीत बसलेले. मी नेहमीप्रमाणे चार मुद्दे लिहिले. त्याने उत्तर दिलं, ‘ताई, पुस्तकी आहे हे सगळं.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी पाचवा मुद्दा लिहिला.

‘तुम्ही तीन वर्षं ज्या मुलीला रक्त देताय ती आंबिवलीची आठ वर्षांची मुसलमान मुलगी आहे. ती मोठी होऊन काय घेणार? तुमचंच रक्त आहे तिच्यात.’

पाठवलं. मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही. दहा मिनिटांत शंभरावर लाइक आले. ‘जबरदस्त.’ ‘बोलती बंद.’ ‘काकूंनी विकेट काढली.’ मी ते सगळं वाचलं, आणि खोटं कशाला सांगू, मला फार छान वाटलं. संध्याकाळी भाजी आणायला गेले तेव्हाही छान वाटत होतं. कांदे घेताना हात एकदम थांबला. मी रुग्णाचं गाव, वय आणि धर्म हजारो लोकांसमोर टाकलेला. आंबिवलीत रक्त चढवावी लागणारी आठ वर्षांची मुसलमान मुलगी असून असून किती असणार?

तिथेच उभं राहून मी ते खोडलं. तोवर चार तास होऊन गेलेले.

सोमवारी सकाळी पाचवा दाता रक्ताच्या ग्रुपमधून बाहेर पडला. एक शब्द नाही. त्याची पाळी दहा दिवसांवर आलेली. मी फोन केले, त्याने घेतले नाहीत. निरोप पाठवले, माफी मागितली, मंचावरही जाहीर लिहिलं की माझं चुकलं. त्याखाली त्याच्याच गटातल्या लोकांनी त्याला धरलेलं. ‘काय जावईबापू, सासरी रक्त पोचलं का वेळेवर?’ ‘भाऊ, भाचीला आमचाही आशीर्वाद सांगा.’ माझ्या बाजूचे लोक तेच वेगळ्या शब्दांत म्हणत होते. उरलेल्या चार दात्यांपैकी एकाचा मला फोन आला. विचारांनी तो माझ्याच बाजूचा. म्हणाला, “ताई, गुरुवारचं सांगा, येतो मी. पण माझ्याबद्दल कुठे काही लिहिणार नाही ना?”

“अरे, नाही रे. कसं लिहीन?”

“नाही, म्हणजे… लिहिलंत ना.”

त्याला अजून सत्तावन्न दिवस बाकी होते. बाकीच्या तिघांचेही त्या गुरुवारपर्यंत नव्वद भरत नव्हते. मी वहीत चार प्रकारे तारखा फिरवून पाहिल्या. कुठूनही फिरवलं तरी ती एक जागा रिकामीच राहत होती.

बुधवारी ऑफिसातून लवकर निघून मी मानपाड्याला गेले. पत्ता माझ्या नोंदीत होता. त्याच्या बायकोने दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला, तरी तिने आत घेतलं आणि पाणी दिलं. तो कामावरून नुकताच आलेला. समोरच्या खुर्चीवर बसला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र तसंच चालू.

मी म्हटलं, “मी माफी मागायला आलेय.”

“मागितलीत ना मंचावर. वाचली.”

“तुम्हाला धक्का बसला असेल, एकदम असं कळलं…”

“काय कळलं?”

“ती मुलगी कोण आहे ते.”

“ताई, रक्तपेढीत फॉर्म भरायला देतात. वर पेशंटचं नाव असतं. मी फॉर्म वाचून सही करणारा माणूस आहे. पहिल्या दिवसापासून माहितीये मला.”

माझ्या सगळ्या काटेकोरपणात तो फॉर्म मी कधी पाहिलाच नव्हता.

“मग तुम्ही तसं लिहिता कसं?”

“ते तिकडचं बोलणं. हे वेगळं.”

“वेगळं कसं? ‘इथली तरी काय वेगळी आहेत’ असं तुम्हीच लिहिलंत. ती इथलीच आहे.”

“लिहिलं. लिहितो मी. पटतं ते लिहितो.” त्याचा आवाज चढला, मग उतरला. “आणि गुरुवारी जातो पण. जायचो. त्याचा मी कुणाला हिशोब दिला नव्हता, हिला पण नाही.” दारातल्या बायकोकडे त्याने मान केली. “आता मेव्हण्याच्या फोनवर स्क्रीनशॉट आहे त्याचा. कंपनीत आहे. आता गेलो तर सगळे म्हणणार, बघा, काकूंनी सरळ केला याला. नाही गेलो तर म्हणणार, बघा, असलाच निघाला. दोन्हीकडून तुमचा मुद्दा खरा. मी काय करू सांगा.”

“त्यात तिचा काय दोष? पुढच्या गुरुवारी तिला रक्त लागणार आहे.”

“हे तुम्ही लिहायच्या आधी विचारायचं होतंत.”

मी हात जोडले. खरोखर जोडले, एका परक्या माणसाच्या हॉलमध्ये, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर. म्हटलं, कुणाला कळणार नाही, दुसऱ्या गावच्या रक्तपेढीत सोय करते, तुम्ही म्हणाल ते मी लिहून देते. तो उठला. म्हणाला, “बघतो.”

‘बघतो’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. रिक्षात बसल्यावरही मी स्वतःला सांगत राहिले की कधीकधी माणसं खरंच बघतात.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही.

पुढचे दिवस मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन करत होते. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, पुढे बदलापूर. बी निगेटिव्ह आहे का? नाही. आलं तर कळवाल का? नाव लिहून ठेवा. मंचावर ‘जबरदस्त’ लिहिलेल्या सगळ्यांना मी एकेक करून निरोप पाठवला, तुमच्या ओळखीत कुणी आहे का. बऱ्याच जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाने लिहिलं, ‘काकू, तो माणूस आला नाही हेसुद्धा मंचावर टाका. लोकांना कळू दे.’ मी फोन बॅगेत टाकला आणि जिन्यातच बसले. तिकडे मुलीचं हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलेलं. ती शाळेत जात नव्हती. जिना चढवत नाही म्हणून बाप तिला उचलून न्यायचा, असं तिची आई फोनवर सांगायची, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायची, “ताई, ते नेहमीचे भाऊ गावाला गेलेत का?”

मी “हो” म्हणायचे.

पाच दिवस उशिरा रक्ताची एक पिशवी मिळाली. मी कल्याणच्या थॅलेसेमिया डे-केअर केंद्रात गेले तेव्हा रक्त चढायला लागलेलं. मुलगी उशीला टेकून बसलेली, ओठ पांढरे, मांडीवर चित्रकलेची वही, पण काढत काही नव्हती. आईने मला बाहेरच्या बाकावर नेलं.

“ताई, ते भाऊ गावाला नाही गेले ना?”

मी बॅगेची चेन उघडली, परत लावली.

“आमच्या शेजारच्या पोराने दाखवलं मला. फोनवर.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “तुम्ही आमच्या बाजूनेच लिहिलं असणार. मी नाही म्हणत नाही. पण माझ्या पोरीला त्यात कशाला ओढलंत? तिच्या वर्गातली पोरं विचारतात, तुझ्यात कुणाचं रक्त आहे. ती मला विचारते, अम्मी, दुसऱ्याचं असलं की परत द्यावं लागतं का.”

मी “चुकलं” म्हटलं. त्या पंधरवड्यात तो शब्द मी इतक्यांदा वापरलेला की तोंडात त्याची चवच उरली नव्हती.

“त्यांचा नंबर द्या मला.”

“नंबर… तसं देता येत नाही. नियम आहे आपला, दात्याचा—”

“आता नियम सांगताय?”

मी नंबर दिला. ती उठून पलीकडे खिडकीशी गेली. फोन लागला, कारण ती बोलायला लागली. सलाम केल्यासारखा हात हलला. मग ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. एकदा पदराने डोळे पुसले. एकदा हसल्यासारखीही वाटली, पण ते मी नक्की सांगू शकत नाही. माझ्यापर्यंत एक शब्द आला नाही.

परत आली तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाले?”

“ते आमचं आम्ही बघू, ताई.” तिने पिशवीतून रिकाम्या डब्याखालची मुलीची फाइल काढली, छातीशी धरली. “यापुढे तुम्ही फोन नका करू. तुमच्या यादीतून आमचं नाव काढा.”

“मग तारीख? एकवीस दिवसांनी पुन्हा लागेल. चौघांतला एकच तोवर मोकळा—”

“माहितीये मला कधी लागतं.”

ती आत गेली. मुलीच्या हातावरची चिकटपट्टी तिने नीट दाबली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

एकविसावा दिवस मंगळवार होता. मी ऑफिसात होते. फोन टेबलावर उलटा ठेवलेला, मग सुलटा. तिचा फोन आला नाही. त्याला मी विचारू शकत नव्हते, तिलाही नाही. जेवणाच्या सुट्टीत मंच उघडला. फोटोतल्या त्या इस्पितळावर अजून वाद चालू होता, आणि कुणीतरी मला हाक मारलेली: ‘काकू कुठे आहेत? या ना, तुमचे मुद्दे हवेत.’

संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. मग बुधवार गेला, गुरुवार गेला. मुलीला रक्त मिळालं की नाही, मला माहीत नाही.